उंच वैमानिकांसाठी किट विमान कसं निवडावं: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी उंची सहा फूट तीन इंच आहे. मला कोणतं किट विमान बसेल?

किट विमान म्हणजे सुट्या भागांचा संच विकत घेऊन स्वतः बांधायचं छोटं विमान. कोणतं बसेल, हे नुसत्या उंचीवरून सांगता येत नाही. सहा-तीन उंचीची दोन माणसं शेजारी शेजारी बसवा, एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा सहज दोन इंच वर दिसेल. एकाची उंची पायात असते, दुसऱ्याची धडात. लांब पायवाल्याला पेडल आणि पॅनेलची, म्हणजे समोरच्या यंत्रफलकाची, खालची कड नडते. लांब धडवाल्याला कॅनोपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण, नडते. दोघांसाठी योग्य विमानं वेगळी निघू शकतात. त्यामुळे विमानांची यादी पाहण्याआधी स्वतःची मापं घ्या. हा प्रश्न निव्वळ आरामाचाही नाही. अवघडून बसलेल्या वैमानिकाची स्टिक (विमान वळवायचा हातातला दांडा) पूर्ण फिरत नाही आणि अपघातात पट्टा त्याला नीट धरत नाही. म्हणून मी जागेचा विचार इंजिन आणि वेगाच्या आधी करायला सांगतो.

नेमकी कोणती मापं घ्यायची?

भिंतीला पाठ टेकवून सपाट स्टुलावर ताठ बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांगा. स्टुलाच्या पृष्ठभागापासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचं माप म्हणजे बैठी उंची. साधारणपणे ती एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. सहा-तीनच्या माणसाची बैठी उंची ९९ सेंटिमीटरच्या आसपास असते, पण तीन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे होतंच. मग स्टुलापासून डोळ्यांपर्यंत आणि स्टुलापासून खांद्यापर्यंत मोजा. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घ्या. दोन्ही दंडांच्या बाहेरच्या कडांमधली रुंदी घ्या, कारण जागा खाणारे दंडच असतात. बुटाची लांबीही लिहून ठेवा. त्याचं कारण पेडलच्या प्रश्नात येईल.

बैठ्या उंचीत हेडसेटच्या पट्टीचे दोन-तीन सेंटिमीटर मिळवा आणि वर निदान चार-पाच सेंटिमीटर मोकळे ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी नाशिक-धुळे पट्ट्यातली गरम हवा विमानाला कसं हलवते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे मोकळे सेंटिमीटर कशासाठी हे सांगावं लागत नाही. पट्टा कितीही आवळला तरी शरीर थोडं वर उचललं जातं आणि डोकं थेट ॲक्रिलिकवर आदळतं.

कंपनी म्हणते कॉकपिटची रुंदी ४३ इंच. हे पुरेसं आहे का?

आधी तुलनेला ओळखीचं विमान घ्या. आपल्याकडच्या बहुतेक फ्लाइंग स्कूलमध्ये दिसणारी सेसना १५२ आणि १७२ आतून साधारण ४० इंच किंवा त्याहून थोड्या कमीच रुंद आहेत. त्यात प्रशिक्षकाच्या खांद्याला खांदा लागलेला असतो, म्हणजे तीन इंचांनी काय फरक पडेल याचा अंदाज तुम्हाला तिथेच येतो.

अंगापिंडाने भरलेल्या माणसाची दंडांपाशी रुंदी २० ते २१ इंच असते. अशी दोघं बसली की ४२ इंच संपले. ४३ इंचांत ती मावतात, पण कोपर हलवायला जागा उरत नाही. ४६ इंचांत दोघंही मोकळी बसतात. एक इंच कागदावर किरकोळ वाटतो, दोन तासांच्या उड्डाणात वाटत नाही.

ही रुंदी कुठे मोजली आहे, हे कंपनीला नक्की विचारा. काही विमानांत कोपरांजवळ फुगीर दरवाजे असतात. तिथला आकडा मोठा येतो, पण कमरेशी विमान अरुंदच राहतं. कोपरांना मोकळीक हवी असेल तर असे दरवाजे खरोखर उपयोगी आहेत. तुमची अडचण नितंबांची रुंदी असेल तर त्यांचा काही उपयोग नाही.

चार-पाच नावं सांगा, म्हणजे सुरुवात करता येईल.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्टपासून सुरुवात करा. सर्वांत जास्त बांधली गेलेली किट विमानं त्यांचीच आहेत आणि त्यांच्या वेगवेगळ्या मॉडेलमध्ये जागेचा फरक स्पष्ट दिसतो. आरव्ही-७ आणि आरव्ही-९ आत साधारण ४३ इंच रुंद आहेत. २०१२ मध्ये जाहीर झालेलं दोन आसनी आरव्ही-१४ साधारण ४६ इंच रुंद आहे आणि ते मोठ्या शरीराची माणसं डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेलं आहे. चार आसनी आरव्ही-१० जवळपास ४८ इंच रुंद आहे. सहा-तीन, सहा-चार उंचीच्या आणि धड लांब असलेल्या माणसाने आरव्ही-१४ आधी पाहावं, असं माझं मत आहे. मात्र त्याला २१० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन लागतं, म्हणजे खर्च वाढतो.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर रोटॅक्स इंजिनचं आरव्ही-१२ पाहा. त्याची रुंदी आरव्ही-७ इतकीच आहे, पण वजनाची मर्यादा कडक आहे. वजनाचा वेगळा प्रश्न पुढे घेतला आहे, तो वाचूनच निर्णय घ्या.

झेनिथचं सीएच ७५० हे वर पंख असलेलं, छोट्या धावपट्टीवर उतरणारं विमान आहे. सीएच ७०१ हे त्याआधीचं आणि लहान. दोन्हींत निवडायचं असेल तर उंच माणसाने ७५० घ्यावं, यात मला शंका नाही. आयडाहोमधलं किटफॉक्स आणि कॅन्ससमधल्या रान्सचं एस-२१ आउटबाउंडही त्याच रांगेत येतात. दोघांत एस-२१ अधिक ऐसपैस आहे. सोनेक्सच्या जुन्या मॉडेलमध्ये उंच माणसं अवघडून बसत. नंतरच्या बी आवृत्तीत आतली जागा वाढवलेली आहे, म्हणून जुनं अर्धवट बांधलेलं किट स्वस्तात मिळत असेल तर ते कोणत्या आवृत्तीचं आहे हे आधी तपासा.

केआर-२ सारखी विमानं नकाशावरून, म्हणजे नुसत्या बांधकामाच्या आराखड्यावरून, बांधायला स्वस्त पडतात. ती मुळातच लहान आणि अरुंद आखलेली आहेत. सहा फुटांवरच्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पंख वर असलेलं घ्यावं की खाली असलेलं?

लांब धडाच्या माणसाला सहसा पंख खाली आणि वर कॅनोपीचा घुमट असलेलं विमान सोयीचं पडतं. डोक्यावर फक्त ॲक्रिलिक असतं, पंखाची जाडी मध्ये येत नाही. पंख वर असतो तेव्हा उंच माणसाचे डोळे बऱ्याचदा पंखाच्या मुळाशी येतात. मग ज्या बाजूला वळायचं तिकडे बघायला प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागते. हवेत दुसरं विमान शोधताना हा दोष धोकादायक ठरतो. म्हणून वर पंख असलेल्या विमानात बसून पाहताना डोकं छताला लागतं का एवढंच पाहू नका. सरळ बसून बाजूला बघा आणि क्षितिज दिसतं का ते पाहा.

आपल्या उन्हाची गोष्टही इथेच येते. कॅनोपीच्या घुमटाखाली मे महिन्यात बसणं फार त्रासाचं असतं आणि ज्याचं डोकं ॲक्रिलिकच्या जवळ त्याला ऊन जास्त लागतं. आतून सरकता पडदा लावायचा झाला तर त्याचीही जाडी मोकळ्या जागेतून वजा करा.

शेजारी शेजारी आसनं बरी की एकामागे एक?

खांदे रुंद असतील आणि बहुतेक वेळा एकट्यानेच उडायचं असेल तर एकामागे एक आसनांचं विमान छान. दोन्ही खांदे तुमचेच. व्हॅन्सचं आरव्ही-४ मात्र उंच माणसाला आखूड पडतं. मोठ्या माणसांना नीट बसता यावं हा नंतर आलेल्या आरव्ही-८ मागचा एक हेतू होता. मागे वजनदार प्रवासी आणि त्यामागे सामान असेल तर गुरुत्वमध्य मागे सरकतो, तेव्हा कागदावर हिशेब मांडल्याशिवाय उडू नये.

बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीत वैमानिक जवळजवळ आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसतो आणि पाय नाकाच्या पोकळीत पसरतो. पाठ जितकी तिरकी तितकी वरची जागा वाचते, पण पुढे तेवढी जास्त लांबी लागते. लांब धड आणि आखूड पाय असलेल्यांना ही बैठक मानवते.

आसनाची उशी काढून टाकली तर दोन इंच मिळतील ना?

मिळतील, पण हा उपाय करू नका. जोराने आपटून उतरावं लागलं तर कण्याला बसणारा धक्का काही प्रमाणात ती उशीच झेलते. साध्या मऊ फोमचा इथे उपयोग नसतो. तो क्षणात दबतो आणि शरीर खालच्या पत्र्यावर आदळतं. धक्का शोषणारा, हळू दबणारा फोम विमानांच्या आसनांसाठी वेगळा मिळतो. तो कमी जाडीतही काम देतो आणि त्यातून एखादा इंच खरोखर वाचतो. आसनाच्या पाठीचा कोन थोडा बदलूनही जागा मिळते. हे दोन्ही करून डोकं लागत असेल तर ते विमान तुमच्यासाठी नाही.

पेडलपर्यंत पाय पोचतात, उलट जास्तच पोचतात. काय करावं?

पेडल पुढे सरकवता येतात का ते पाहा. काही किटमध्ये बांधतानाच ती पुढे-मागे बसवायची सोय असते. ही निवड एकदाच होते, म्हणून बांधणारा आणि उडवणारा एकच असेल तर स्वतःच्या मापाने बसवून घ्यावं.

बुटांकडे फार कमी लोक लक्ष देतात. दहा-अकरा नंबरचा बूट घातलेला उंच माणूस टाच जमिनीवर ठेवून बसला की चवडा पेडलच्या वरच्या भागाला, म्हणजे ब्रेकला लागतो. धावपट्टीवर वेग घेताना रडर (शेपटीचं सुकाणू) वळवायला पेडल दाबायला जावं आणि नकळत एका बाजूचा ब्रेक लागावा, हा प्रकार वाईट आहे. पातळ तळाचे, अरुंद टोकाचे बूट घालून बसून पाहा आणि तरीही ब्रेक लागत असेल तर पेडलचा कोन बदलावा लागेल.

स्टिक की योक?

लांब पायांना बहुतेक वेळा स्टिक बरी. योक, म्हणजे मोटारीच्या स्टिअरिंगसारखं चाक, गुडघ्यांवर येतो आणि लांब पायांच्या माणसाला वळताना तो मांडीला अडतो. सेसना १५२ मध्ये शिकलेल्या उंच मुलांना विचारा. आसन पूर्ण मागे ढकलूनही योक पूर्ण फिरवला की मांडीला टेकतो, म्हणून ती गुडघा बाहेर काढून बसायला शिकतात. स्टिकमध्येही तपासणी तीच. आसनात नीट बसा, पट्टा आवळा आणि स्टिक चारही कोपऱ्यांत शेवटपर्यंत न्या. मांडी किंवा पोट कुठेही आड येता कामा नये. आडव्या वाऱ्यात उतरताना आयलरॉन (विमान कलवणारी पंखाच्या मागची झडप) शेवटपर्यंत लागतो, आणि नेमकी तेव्हाच मांडी मध्ये येते.

खांद्याच्या पट्ट्याचा आणि उंचीचा काय संबंध?

फार जवळचा, आणि माझ्या मते या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. खांद्यावरून मागे जाणारा पट्टा आडवा किंवा मागे चढत जायला हवा. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार तो आडव्या रेषेपासून ३० अंश वरपर्यंत चालतो, खाली मात्र ५ अंशांपेक्षा जास्त उतरू नये. लांब धडाच्या माणसाचा खांदा पट्ट्याच्या मागच्या टोकापेक्षा उंच असतो, त्यामुळे पट्टा खाली उतरत जातो. धडक बसली की असा पट्टा माणसाला मागे धरून ठेवण्याबरोबर खाली दाबतो. सगळा भार कण्यावर येतो.

म्हणून बसून पाहताना कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा आणि फोटोत पट्ट्याचा कोन पाहा. टोक वर घेता येईल का, हे कंपनीच्या तांत्रिक विभागाला विचारा. तिथल्या ढाच्यात ताकद आहे की नाही हे तेच सांगू शकतात. फॅब्रिकेटरकडून अंदाजाने ब्रॅकेट वेल्ड करून घेऊ नका.

त्याच फोटोत रोल बारही तपासा. विमान उलटलं तर डोकं वाचवणारा हा बार तुमच्या डोक्यापेक्षा उंच आहे ना? नसेल तर तो तुमच्यासाठी असून नसल्यासारखा. आरव्हीच्या पुढे उघडणाऱ्या कॅनोपीत तो डोक्यामागे असतो आणि मागे सरकणाऱ्या कॅनोपीत समोर, काचेच्या कडेला. दोन्ही प्रकारांत बसून पाहा. उलट्या विमानात कॅनोपी उघडत नाही हे गृहीत धरा आणि ती फोडायचं हत्यार हाताशी ठेवा.

उंच म्हणजे वजनदारही. नाशिकच्या हवेत याचा किती फरक पडतो?

आकडे मांडू. आरव्ही-१२ चं कमाल वजन ६०० किलो. रिकामं विमान साधारण ३४० किलो. टाकी पूर्ण, म्हणजे २० अमेरिकी गॅलन किंवा ७६ लिटर पेट्रोल, साधारण ५४ किलो. उरले २०६. शंभर-शंभर किलोचे दोघे बसले की सामानाला सहा किलो राहतात, आणि बांधणाऱ्याने रंग व यंत्रं जास्त घातली असतील तर तेही नाहीत.

त्यात आपली हवा. ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर, म्हणजे जवळपास दोन हजार फुटांवर आहे. पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख साधारण साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखे वागतात. धावपट्टी जास्त लागते, चढणं मंदावतं. कंपनीचे आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. उंच, वजनदार माणसाने इंजिनाची ताकद निवडताना हा फरक धरायलाच हवा.

पैसे भरण्याआधी बसून पाहायचं कुठे?

सर्वांत चांगली जागा म्हणजे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दरवर्षी जुलैच्या शेवटी भरणारा ईएए या हौशी विमानकारांच्या संघटनेचा मेळा. बहुतेक सगळ्या किट कंपन्यांची विमानं तिथे असतात आणि बसू देतात. जर्मनीत फ्रीडरिशहाफेनला एप्रिलमध्ये भरणारं एरो प्रदर्शनही चांगलं. प्रवासाचा खर्च मोठा वाटतो, पण न बसणाऱ्या किटवर गेलेला पैसा त्याच्या कितीतरी पट असतो. बेंगळुरूचा एरो इंडिया मुख्यतः संरक्षण क्षेत्राचा आहे, त्यावर या कामासाठी विसंबू नका.

जवळपास काय करता येईल? धुळे, शिरपूर, जळगाव किंवा बारामतीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये विनंती करून सेसनात बसा आणि स्वतःची मापं तिथे पडताळा. मग किट कंपनीला विचारायला तुमच्याकडे पक्का संदर्भ येतो: "सेसना १५२ मध्ये माझं डोकं छतापासून इतकं खाली राहतं, तुमच्या विमानात किती राहील?"

परदेशी जाणं शक्य नाही. दुसरा मार्ग?

घरी कॉकपिटचा सांगाडा बनवा. मी हा मार्ग परदेशी जाऊ शकणाऱ्यांनाही सुचवतो, कारण मेळ्यात पाच मिनिटं बसून जे कळत नाही ते इथे दीड तासात कळतं.

कंपनीकडून चार मापं मागवा: आसनाच्या तळापासून कॅनोपीपर्यंत, आसनाच्या पाठीपासून पेडलपर्यंत, जमिनीपासून पॅनेलच्या खालच्या कडेपर्यंत आणि खांद्याजवळची आतली रुंदी. आसनाच्या पाठीचा कोनही विचारा. अनेक कंपन्या नकाशांचा नमुना संच विकतात, त्यात हे सगळं असतं. मग प्लायवूडचा तळ, दोन बाजूंना पुठ्ठा, समोर पुठ्ठ्याचं पॅनेल. कॅनोपीचा वळसा वायरिंगच्या पीव्हीसी पाइपने वाकवून घ्या. स्टिकसाठीही पाइपच, खाली बिजागरीवर. अंबड किंवा सातपूरच्या वसाहतीत ओळखीचा फॅब्रिकेटर असेल तर पेडल पट्टीची बनवून घ्या, म्हणजे पाय दाबून पाहता येतात.

आता हेडसेट घाला, बूट घाला आणि दीड तास बसा. मोबाइल खाली पडला तर वाकून उचलता येतो का? मागच्या बाजूची पाण्याची बाटली हाताला लागते का? नकाशा मांडीवर पसरल्यावर स्टिक हलते का? अर्ध्या तासाने कंबर बोलू लागते आणि तासाभराने गुडघे. त्यांचं ऐका. शेवटी डोळे मिटून बाहेर या. अडकलेला गुडघा आग लागलेल्या विमानात तुम्हाला थांबवेल, तो इथेच सापडू द्या.

विमान दोन इंच रुंद करून बांधलं तर?

रिव्हेट मारलेल्या पत्र्याच्या किटमध्ये नको. तिथे दोन्ही पंखांना जोडणारा स्पार (पंखाची मुख्य तुळई) फ्यूजलाजमधून, म्हणजे विमानाच्या धडातून, जातो, कारखान्यात भोकं पाडलेले भाग एकमेकांना जुळतात, आणि एक माप बदललं की सगळी साखळी बदलते. आसनाचा तळ खाली घ्यायचा विचारही अनेकांच्या मनात येतो, पण त्याखालून बहुधा कंट्रोलच्या नळ्या जातात. लाकडी, नकाशावरून बांधायच्या विमानांत परिस्थिती वेगळी आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी आलेलं पीटनपोल एअर कॅम्पर आजही बांधणारे थोडं लांब-रुंद करून घेतात आणि त्याचा अनुभव भरपूर जमा झालेला आहे. तिथेही आधी कुणी केलेला बदलच करावा.

बायकोची उंची पाच फूट एक इंच. दोघांनाही उडवायचं आहे.

मग सरकणारं आसन किंवा सरकणारी पेडल हवीच. आधी उंच माणसाला बसवा, मग बुटक्या माणसासाठी मागे आणि खाली घट्ट उशी द्या. जागा भरून काढणं सोपं असतं, निर्माण करणं नाही. उशी घसरणार नाही अशी बांधा. वेग घेताना ती मागे सरकली तर हातातली स्टिकही मागे ओढली जाते.

परवानगीचं काय? नाशिकहून उडता येईल का?

किटची मागणी नोंदवण्याआधी डीजीसीएशी, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाशी, पत्रव्यवहार करा आणि बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो व नोंदी ठेवा. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे अमोल यादव आपल्याला माहीत आहेत. २०१६ मध्ये ते विमान मुंबईत मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं, आणि नोंदणी २०१७ मध्ये मिळाली. कागदांसाठी वेळ धरूनच चाला.

ओझरचा विमानतळ एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) आहे आणि नाशिकमधल्याच गांधीनगरचा लष्कराचा. तिथे खासगी हौशी विमान ठेवता येईल असं गृहीत धरू नका. धुळे-जळगावकडे जागा विचारून ठेवा. नाशिकचा खरा फायदा वेगळाच आहे. ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला आणि तिथे मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत विमानं बनली. रिव्हेटवर नुसतं बोट फिरवून ती नीट बसली की नाही हे सांगणारे निवृत्त कारागीर इथे घराघरांत आहेत. त्यांना भेटा. पहिली रिव्हेट त्यांच्यासमोर मारा.

आधी फक्त शेपटीचं किट घ्यावं म्हणतात. बरोबर आहे का?

बांधकाम जमतं का हे कमी पैशांत कळतं, म्हणून सल्ला चांगला आहे. पण शेपटीत कॉकपिट नसतं. महिनोन्महिने शेपटीवर काम केलं की माणूस त्या विमानात गुंततो आणि मग डोकं कॅनोपीला लागलं तरी "चालेल" म्हणतो. सांगाड्यात बसून झाल्यावर, पट्ट्याचा कोन आणि रोल बार पाहून झाल्यावरच शेपटीचे पैसे भरा.